कोलकात्याच्या मैदानावरील निवाडे

कोलकाता पाहावयास येणारा प्रवासी प्रथम हावड्याचा पूल पाहतो, मग व्हिक्टोरिया स्मारक, कालीघाट, दक्षिणेश्वर, आणि सवड उरलीच तर भारतीय संग्रहालय. वाटेत लागणारे विस्तीर्ण हिरवे पटांगण तो अनेकदा ओलांडतो, पण पाहत नाही. टॅक्सीच्या खिडकीतून त्याला चरणाऱ्या मेंढ्या दिसतात, पतंग उडवणारी मुले दिसतात, झाडांच्या आडोशाला काही बसक्या इमारती दिसतात. या इमारतींना येथील लोक ‘टेंट’, म्हणजे तंबू, म्हणतात. वाचकहो, या तंबूंपाशी एखादी सकाळ किंवा संध्याकाळ घालविल्यावाचून हे शहर सोडू नये, अशी माझी आपणास विनंती आहे. देवळे आणि स्मारके उद्याही तेथेच असतील. परंतु हंगामाच्या तोंडी नव्या फुटबॉल संघाचा पहिलावहिला सामना झाला, की दुसऱ्या दिवशी या तंबूंच्या अंगणात जी पंचायत भरते, ती ऐकावयास मिळणे हा प्रवासातील योग आहे.

या पटांगणाला सारे जण नुसते ‘मैदान’ म्हणतात, जणू जगात दुसरे मैदान नाहीच. १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली, त्यानंतर इंग्रजांनी हुगळीच्या काठी नवा फोर्ट विल्यम किल्ला बांधावयास घेतला आणि १७८१ मध्ये तो पुरा केला. तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये म्हणून भोवतालचे जंगल तोडून जमीन मोकळी ठेवण्यात आली. तीच ही जागा. सुमारे चारशे हेक्टर. शत्रूवर तोफ डागण्यासाठी राखलेली ही भूमी पुढे चेंडू लाथाडण्याच्या कामी आली, हा इतिहासाचा एक सुखद विनोदच म्हणावयाचा. जमीन आजही लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे पक्क्या बांधकामास येथे सहजी अनुमती मिळत नाही. क्लबांच्या कचेऱ्या ‘तंबू’ का, याचे उत्तर यातच आहे. भिंती उभ्या राहिल्या, छपरे आली, पण नाव तंबूचेच राहिले.

यांतील तीन तंबू मोठे. मोहन बागान हा क्लब १८८९ चा; त्याचे रंग गर्द तांबडा आणि हिरवा. २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीचा २-१ असा पराभव केला, तेव्हा त्याच्या अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते ते एकट्या रेव्हरंड सुधीर चॅटर्जींच्या पायांत. काळ्यापांढऱ्या रंगांचा मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे त्याने कोलकात्याची लीग जिंकून सर्वांना थक्क केले. तिसरा क्लब लाल-सोनेरी ईस्ट बंगाल. त्याच्या जन्माची कथा थोडी सविस्तर सांगावयास हवी, कारण आपल्या आजच्या विषयाशी तिचे जवळचे नाते आहे.

१९२० च्या जुलै महिन्यात जोडाबागान नावाच्या क्लबाचा मोहन बागानशी सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला संघातून वगळले. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांना हा निर्णय मुळीच पटला नाही. त्यांनी रदबदली केली. ती कोणी ऐकली नाही. तेव्हा ते क्लब सोडून बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी ईस्ट बंगाल क्लबाची स्थापना केली. एका खेळाडूची पारख बरोबर झाली की चुकीची झाली, एवढ्या एका वादातून शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली संस्था उभी राहिली. मैदानावर आजही माणसे खेळाडूच्या गुणदोषांवरून आवाज चढवतात, तेव्हा परक्या माणसाला हसू येते. परंतु हा आवाज पोकळ नाही, हे या कथेवरून ध्यानी यावे.

पुढे फाळणी झाली. पूर्व बंगालमधून लक्षावधी माणसे घरदार सोडून कोलकात्यास आली, शहराच्या कडेच्या वसाहतींत राहिली. येथील मूळ रहिवाशांना ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेल्यांना ‘बांगाल’ म्हणण्याची रीत जुनीच होती. आता तिला धार आली. ज्या माणसांचे गाव नकाशाच्या पलीकडे गेले होते, त्यांना आपल्या प्रांताचे नाव अजून ज्या पाटीवर वाचता येत होते, अशी एक जागा या मैदानात होती. ईस्ट बंगालचा विजय हा त्यांच्यासाठी केवळ गोलांचा हिशेब नव्हता. त्या दिवशी घरी इलिश मासळी शिजे, आणि मोहन बागान जिंकला तर घोट्यांच्या घरी कोळंबी. अजूनही तसेच मानले जाते, जरी आता एकाच कुटुंबात दोन्ही पक्ष नांदत असले आणि सासूची मासळी सुनेला गोड लागत नसली तरी.

आता हंगामाकडे वळू. बंगाली वर्षाचा पहिला दिवस, पोइला बोइशाख, एप्रिलच्या मध्यास येतो. आपल्याकडे पाडव्याला जसे मुहूर्त करतात, तसे येथील व्यापारी त्या दिवशी ‘हालखाता’, म्हणजे नव्या हिशेबाची वही, उघडतात. त्याच सकाळी मैदानावरील क्लब ‘बार पूजा’ करतात. हा शब्द मराठीत आणताना माझ्यासारख्या भाषांतरकाराची पंचाईत होते, कारण आपल्याकडे बार उडतात तरी नाही तर मद्याचे असतात तरी. येथे बार म्हणजे गोलचा आडवा दांडा. त्याला व खांबांना हार घालतात, पुरोहित मंत्र म्हणतो, खेळाडू आणि पदाधिकारी हात जोडून उभे राहतात, आणि कुंपणाबाहेर पाठीराख्यांची गर्दी असते. खंडेनवमीस हत्यारे पूजणाऱ्या मराठी वाचकाला यात काही विचित्र वाटू नये.

दुसरा एक शब्दही असाच फसवा आहे: ‘दलबदल’. बंगाली वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत हा मथळा पाहून आपण आमदारांची छायाचित्रे शोधू लागतो आणि तेथे आढळतो एखादा आघाडीचा खेळाडू. एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाण्याला येथे दलबदल म्हणतात. एके काळी नोंदणीची मुदत संपेपर्यंत खेळाडूंना लपवून ठेवण्यापर्यंत क्लबांची मजल जात असे. आज ते सारे करारपत्रांवर आणि प्रतिनिधींमार्फत होते. रंजकता कमी झाली आहे, पैसा वाढला आहे.

अशा रीतीने जमवलेला नवा संघ खऱ्या स्पर्धेपूर्वी जे सामने खेळतो, ते वस्तुतः चाचणीचे असतात. निम्मे खेळाडू सुट्टीवरून नुकतेच परतलेले असतात, परदेशी खेळाडूंना येथील दमट हवा सोसत नसते, कोणाची जागा कोठे हे प्रशिक्षकालाच ठरवावयाचे असते. त्याच्या दृष्टीने निकालाला फारसे मोल नसते. पण हे पाठीराख्यांना कोण सांगणार? नव्या सुनेला घरात मिठाचा डबा कोठे आहे हेही ठाऊक नसते, तोच तिच्या हातच्या पहिल्या वरणावरून तिच्या माहेरचा उद्धार होतो. तसाच हा प्रकार. १८८८ मध्ये सिमल्यास सुरू झालेली ड्युरँड चषकाची स्पर्धा २०१९ मध्ये कोलकात्यास आली. ती पावसाळ्यात, हंगामाच्या उंबरठ्यावर खेळली जात असल्यामुळे या पहिल्या वरणाचे ताट आता तीच वाढते.

२०२३ सालचे उदाहरण घेऊ. ईस्ट बंगालने त्या वर्षी कार्लेस कुआद्रात हा स्पॅनिश प्रशिक्षक आणला होता आणि संघ जवळजवळ नव्याने बांधला होता. ६ ऑगस्ट रोजी पहिल्या सामन्यात बांगलादेशच्या लष्करी संघाविरुद्ध त्याने दोन गोलांची आघाडी घेतली आणि ती घालविली. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. मैदानावर जो निवाडा झाला तो असा की, पैसे बुडाले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ ऑगस्टला, मोहन बागानशी गाठ होती. २०१९ च्या जानेवारीनंतर, म्हणजे साडेचार वर्षे, ईस्ट बंगालला या प्रतिस्पर्ध्यावर विजय मिळाला नव्हता. उलट मोहन बागानने देहरादूनचा अनिरुद्ध थापा, केरळचा सहल अब्दुल समद अशी नामांकित माणसे त्या उन्हाळ्यात जमवली होती. असे मोठे सामने १९८४ पासून मैदानावर न होता शहराच्या पूर्वेकडील सॉल्ट लेकच्या प्रचंड क्रीडांगणात होतात. तेथे साठाव्या मिनिटाला तमिळनाडूहून आलेल्या नंदकुमार शेखर या नव्या खेळाडूने उजव्या बगलेतून आत येऊन डाव्या पायाने चेंडू वळवून जाळ्यात मारला. ईस्ट बंगाल १-० असा विजयी झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मुद्दाम मैदानावर गेलो. रात्रीच्या पावसाने गवत मऊ झाले होते. ईस्ट बंगालच्या तंबूबाहेर चहावाल्याभोवती पंधरावीस माणसे उभी होती आणि त्यांतले निम्मे एकाच वेळी बोलत होते. एका तरुणाने भ्रमणध्वनीवर तो गोल पुन्हा पुन्हा लावला होता, आणि प्रत्येक वेळी तो नव्यानेच झाल्यासारखा आनंद होत होता. नंदकुमारची तुलना कोणाकोणाशी झाली ते येथे सांगत नाही. सांगितले तर ज्यांच्याशी झाली त्यांचा अपमान होईल. सहा दिवसांपूर्वी ज्याला ‘टाकाऊ माल’ म्हटले होते तो बचावपटू आता ‘तटबंदी’ झाला होता.

या कोलाहलापासून थोड्या अंतरावर, बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या बोलण्यात गोल नव्हताच. ते त्या खेळाडूच्या मानेविषयी बोलत होते. चेंडू पायाशी येण्यापूर्वी तो मान वळवून मागे कोण आहे ते पाहतो का? चेंडू हिरावला गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की दहा पावले मागे धावतो? संघ एका गोलाने पुढे असताना तो साधा पास देतो, की प्रेक्षकांसाठी करामत करू पाहतो? त्यांच्या मते नव्या खेळाडूला पारखण्याची हीच रीत आहे. “गोल तर वाऱ्यानेही होतो,” असे ते म्हणाले, आणि नंदकुमारला त्यांनी मान्यता दिली ती त्याच्या मागे धावण्याबद्दल. मी पुष्कळ समीक्षकांचे लेख भाषांतरित केले आहेत. इतके नेमके निकष फार थोड्यांकडे पाहिले.

तेथून मोहन बागानचा तंबू चालत काही मिनिटांवर आहे. पुरावा तोच, नव्वद मिनिटे तीच, पण न्यायालय निराळे. येथे चहा गार होत होता. एकाचे म्हणणे, मधल्या फळीत नावे फार आहेत, पण फळी नाही. दुसऱ्याचे म्हणणे, प्रशिक्षकाने मोठ्या स्पर्धेकडे डोळा ठेवून हा सामना हलक्या हाताने घेतला, आणि हा गुन्हा हरण्याहून मोठा आहे. थापाच्या वाट्याला बरेच बोल आले. एक शिक्षिका मात्र शांतपणे म्हणाल्या की, दोन चांगले खेळाडू एकाच जागी उभे राहत आहेत, ही चूक त्यांची नसून त्यांना अजून एकमेकांची सवय झालेली नाही. माझे स्वतःचे मत असे बनले की, जिंकलेल्या बाजूपेक्षा हरलेल्या बाजूचे डोळे अधिक तीक्ष्ण असतात. विजयी माणूस गोल पाहतो. पराभूत माणूस गोलापूर्वीची पाच मिनिटे पाहतो.

आता पुढे काय झाले ते ऐकावे. ईस्ट बंगाल उपांत्य सामन्यात दोन गोलांनी मागे पडला. नंदकुमारनेच भरपाईच्या वेळेत बरोबरी साधून दिली आणि पेनल्टींवर संघ अंतिम फेरीत गेला. ३ सप्टेंबरला पुन्हा तेच दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर आले. बासष्टाव्या मिनिटाला थापाला मैदानाबाहेर काढण्यात आले. ज्याला तीन आठवडे दूषणे मिळाली होती त्याच्यावर आता आणखी काय कोसळेल, असे वाटले असेल. पण एकाहत्तराव्या मिनिटाला दहाच जण उरलेल्या मोहन बागानसाठी ऑस्ट्रेलियाच्या दिमित्री पेत्रातोसने गोल केला आणि चषक १-० असा जिंकला. तो त्या क्लबाचा सतरावा ड्युरँड चषक. ऑगस्टमधील दोन्ही निवाडे रद्द झाले.

नव्हे, तेही पुरते खरे नाही. पुढच्या जानेवारीत चषक जिंकून देणारा मोहन बागानचा प्रशिक्षक पदावर राहिला नव्हता. त्याच महिन्यात भुवनेश्वरला ईस्ट बंगालने ओडिशाच्या संघाला ३-२ असे हरवून सुपर कप जिंकला आणि राष्ट्रीय स्पर्धेतील बारा वर्षांचा दुष्काळ संपवला, पण मोठ्या लीगमध्ये तो नवव्या स्थानावर राहिला. १५ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे पोइला बोइशाखच्या दुसऱ्याच दिवशी, मोहन बागानने मुंबई सिटीचा २-१ असा पराभव करून लीगचे अग्रस्थान व ढाल मिळवली. मुंबईकर वाचकांनी खिन्न होऊ नये. ४ मे रोजी त्याच क्रीडांगणात मुंबईच्या संघाने ३-१ असा विजय मिळवून अंतिम करंडक पळवला. एकाच जागी उभे राहून खेळणारी ती दोन माणसे एव्हाना आपापल्या जागी स्थिर झाली होती. शिक्षिकाबाईंचे म्हणणे खरे ठरले, आणि बाकावरच्या गृहस्थांचेही.

या दोन सामन्यांच्या मधल्या काळात, १५ ऑगस्ट २०२३ रोजी, हैदराबादहून मोहम्मद हबीब यांच्या निधनाची वार्ता आली. हबीब हैदराबादचे, पण कोलकात्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांतून खेळले. १९७७ मध्ये पेले यांचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ ईडन गार्डनवर मोहन बागानशी खेळला व सामना २-२ असा सुटला, तेव्हा मोहन बागानच्या दोन गोलांपैकी एक हबीब यांचा होता. तीनही तंबूंनी त्यांना आपले म्हटले. अंगलट मोठी नव्हे, परंतु चेंडूमागे न थकता धावणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. त्या गृहस्थांची कसोटी कोठून आली असावी, याचा अंदाज आपल्याला येथे येतो.

मैदानावरील पंचायतीचा मला जाणवलेला खरा थोरपणा हा आहे. तिची भाषा बंगाली आहे, मासळी बंगाली आहे, भांडण तर पक्के बंगाली आहे. पण तिच्यापुढे उभा राहणारा खेळाडू कोठला, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांनंतर उरत नाही. १९४९ ते १९५३ या काळात ईस्ट बंगालच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना ‘पंचपांडव’ म्हणत: अहमद खान, आप्पाराव, व्यंकटेश, सालेह आणि धनराज. त्यांपैकी एकही बंगाली नव्हता, सारे दक्षिणेकडचे. म्हणजे ज्या निर्वासितांना ‘तुम्ही येथले नाही’ असे ऐकावे लागत होते, त्यांनी आपला मान ज्यांच्या पायांवर सोपवला ती माणसेही येथली नव्हती. नागा प्रदेशातून वैद्यकशास्त्र शिकावयास आलेले तालिमेरेन आओ मोहन बागानकडून खेळले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार झाले. लायलपूरहून फाळणीत विस्थापित झालेले जर्नेल सिंग येथेच मोहन बागानच्या बचावाचा कणा बनले; १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात भारताने केलेल्या दोन गोलांपैकी एक त्यांचा. सिक्कीमचा बायचुंग भूतिया १९९३ मध्ये ईस्ट बंगालकडे आला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. चार वर्षांनी, १३ जुलै १९९७ रोजी, सॉल्ट लेकच्या सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर त्याने मोहन बागानवर तीन गोल केले. ब्राझीलच्या होजे बारेतो याला तर मोहन बागानच्या लोकांनी ‘सोबुज तोता’, म्हणजे हिरवा पोपट, असे लाडाचे नाव देऊन टाकले.

परंतु लाडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानवर पाच गोल केले आणि एकही घेतला नाही. त्या दुःखात एका तरुण पाठीराख्याने आपले प्राण दिले. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनवर दोन्ही पक्षांचे प्रेक्षक एकमेकांशेजारी बसले होते. दोन खेळाडूंना बाहेर काढल्यावर वरच्या सज्ज्यांत मारामारी जुंपली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा जण मृत्युमुखी पडले. घरून फुटबॉल पाहावयास निघालेली सोळा माणसे. दर वर्षी त्या तारखेस त्यांच्या स्मरणार्थ येथे रक्तदान होते. घोटीचे रक्त बांगालाला आणि बांगालाचे घोटीला चालते, हे सांगावयास एवढी मोठी किंमत पडावी, याचे वाईट वाटते. आज क्रीडांगणात दोन्ही पक्षांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या असतात.

ज्याच्याविषयी हे निवाडे होतात, त्याच्या मनाचे काय होते हा विचार माझ्या मनातून जात नाही. पस्तिशीचा परदेशी खेळाडू कातडी कमावून येतो, त्याला भाषाही कळत नाही. परंतु कोलकाता लीगमध्ये मोठे क्लब आता बहुधा आपले तरुण आणि राखीव खेळाडू उतरवतात. जून-जुलैच्या पावसात, मैदानावरच्या त्याच जुन्या गॅलऱ्यांसमोर, अठरा-एकोणीस वर्षांची मुले खेळतात. तेथे प्रेक्षक थोडे, त्यामुळे प्रत्येक शब्द चिखलातून धावणाऱ्या मुलाच्या कानी स्पष्ट पडतो. अशा एका सामन्यात डाव्या बगलेत खेळणाऱ्या मुलाकडून लागोपाठ तीन पास चुकले. कुंपणाजवळून जे शब्द आले ते मी मराठीत आणणार नाही. चौथा पास आला तेव्हा तो मुलगा चेंडूकडे न पाहता कुंपणाकडे पाहत होता, आणि चेंडू त्याच्या पायाखालून बाहेर गेला. मध्यंतरात तेच ओरडणारे गृहस्थ गरम स्टूची वाटी हातात घेऊन कडेला आले आणि त्याला म्हणाले की, पावसात चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थांबवावा, टाचेने नव्हे. मुलाने मान हलविली. उत्तरार्धात त्याचे पास नीट गेले की नाही, हे पाहण्यास मला थांबता आले नाही, कारण पाऊस फार वाढला. कोल्हापूरच्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या गृहस्थांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

जावयाचे असल्यास मेट्रोने एस्प्लनेड स्थानकावर उतरावे. देशातील पहिली मेट्रो १९८४ मध्ये याच स्थानकापासून भवानीपूरपर्यंत धावली. तेथून ईडन गार्डनच्या दिशेने पायी निघावे. वाटेत गोष्ठ पाल यांचा पुतळा दिसेल. बचावाची ‘चीनची भिंत’ म्हणून ते प्रसिद्ध होते आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोइला बोइशाखची सकाळ उत्तम, नाही तर पावसाळ्यातील लीगचा दिवस. जुनी पादत्राणे घालावीत. तंबूंच्या उपाहारगृहांतील स्टू आणि टोस्ट स्वस्त व चवदार असतात, मुलांनाही आवडतील.

बाकावर बसताच आपल्याला कोणी तरी विचारील, “आपण कोणाचे?” आपण नागपूरचे किंवा पणजीचे आहोत असे सांगून सुटका होत नाही, कारण प्रश्न गावाविषयी नसतो. उत्तर नाही दिले तरी ते सरकून जागा देतात, झालमुडीचा कागद पुढे करतात, आणि यंदा डाव्या बगलेत कोणाला खेळवावे याविषयी आपले मत विचारतात. मत अवश्य द्यावे. मात्र देण्यापूर्वी आपण कोणत्या तंबूत बसलो आहोत, ते एकदा वर पाहून घ्यावे.